परदेशातले एक सेमिस्टर : खर्चाचा हिशेब आणि धंद्याची जोड

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांत एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. मुलगा किंवा मुलगी बी.कॉम., बी.बी.ए., टेक्स्टाइल अथवा डिझाइनच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असते. एक दिवस घरी येऊन सांगते, की कॉलेजचा परदेशातल्या विद्यापीठाशी करार आहे. एक सेमिस्टर तिकडे शिकून परत यायचे आणि पदवी इथलीच घ्यायची. घरातली मोठी माणसे विचारात पडतात. पूर्ण पदवीसाठी मुलांना परदेशी पाठवण्याची गोष्ट बहुतेक घरांत खर्च ऐकूनच संपते. पण पाच-सहा महिन्यांचे काय? एवढ्या थोड्या काळात मूल शिकणार काय, पैसा किती लागणार, आणि व्याजाच्या फेऱ्यात न अडकता तो उभा कसा करायचा?

या पानाचे वाचक धंद्यातले आहेत. म्हणून हा प्रश्न आपण मालाच्या सौद्यासारखाच पाहू. आधी कागद, मग रक्कम, मग नफा.

उदाहरणासाठी जर्मनी हा देश घेतला आहे. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही किंवा थोडी आहे, आणि एकेका हुन्नरासाठी नावाजलेली शाळा असलेली गावे तिथे आहेत. शिवाय महाराष्ट्राचा त्या देशाशी जुना संबंध आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०१५ मध्ये भागीदारी केली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही केला. मात्र हा शेवटचा करार कामगारांसाठी आहे, विद्यार्थ्यांसाठी नाही. काही एजंट दोन्ही गोष्टींची सरमिसळ करून पैसे मागतात, त्यांच्यापासून सावध राहावे.

दोन वाटा, दोन भाव

परदेशी सेमिस्टरला जाण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली अदलाबदलीची. आपले कॉलेज किंवा विद्यापीठ आणि तिकडचे विद्यापीठ यांच्यात लेखी करार असतो. आपला विद्यार्थी तिकडे जातो, तिकडचा इकडे येतो. प्रत्येकाने फी आपल्या घरच्या संस्थेत भरायची, तिकडे शिकवणीची फी नाही. दुसरी वाट स्वतःच्या जोरावर जाण्याची. करार नसतो, विद्यार्थी थेट अर्ज करतो आणि जो दर असेल तो भरतो.

फरक किती पडतो ते पाहा. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याने २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला १,५०० युरो फी लावली. करारातून आलेल्या अदलाबदलीच्या विद्यार्थ्यांना ती माफ आहे. हिशेबाच्या सोयीसाठी युरोचा भाव शंभर रुपये धरला, तर एकाच बाकावर बसलेल्या दोन भारतीय मुलांपैकी एकाने दीड लाख भरलेले असतात आणि दुसऱ्याने काही नाही. म्हणून पहिला सवाल एजंटच्या ऑफिसात नव्हे, कॉलेजच्या परदेश संबंध पाहणाऱ्या कक्षात विचारायचा : आपला कोणत्या विद्यापीठांशी करार आहे, त्यात वर्षाला किती जागा आहेत, आणि करार कोणत्या तारखेपर्यंत चालू आहे? पुष्कळ कॉलेजांत अशा जागा असतात, पण व्यापारी घरांतल्या मुलांपर्यंत त्यांची खबर पोहोचत नाही.

जर्मनीत वर्षाची दोन सत्रे असतात, हिवाळी आणि उन्हाळी. कुरैशांच्या हिवाळी आणि उन्हाळी प्रवासाचा उल्लेख कुरआनात आहे, हे आपल्या वाचकांना माहीत आहेच. व्यापारासाठी ऋतू पाहून बाहेर पडणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. तिथल्या विद्यापीठांचे हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला आणि उन्हाळी सत्र १ एप्रिलला सुरू होते. उपयोजित शिक्षण देणारी जी 'होखशुले' नावाची विद्यापीठे आहेत, त्यांचे वर्ग बहुधा थोडे आधी भरतात.

रकमेचा हिशेब

आता रोकड. तीन महिन्यांपेक्षा जास्त मुक्काम असला की जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याची फी ७५ युरो. व्हिसासाठी विद्यार्थ्याजवळ राहण्या-खाण्याचा पैसा आहे याचा पुरावा मागतात. १ सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा महिन्याला ९९२ युरो, म्हणजे पूर्ण वर्षाचे ११,९०४ युरो, असा ठरला. जितके महिने मुक्काम तितक्या महिन्यांची रक्कम दाखवायची. सहा महिन्यांचे होतात ५,९५२ युरो, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे पाच लाख पंच्याण्णव हजार रुपये.

ही रक्कम एका गोठवलेल्या खात्यात आधी भरावी लागते. विद्यार्थी तिकडे पोहोचला की त्यातून दरमहा ठरलेला हप्ता त्याच्या हाती येतो. इथे वडीलधाऱ्यांचा एक गैरसमज होतो. त्यांना वाटते, एवढी फी भरायची आहे. ती फी नव्हे. तो मुलाचाच पैसा आहे आणि त्यातूनच त्याचे भाडे, जेवण, विमा चालणार आहे. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर रक्कम बुडत नाही, अडकते. पण अडकलेल्या रकमेचाही विचार करावा लागतो. सीझनच्या तोंडावर दुकानातून सहा लाख काढले तर माल कशाने भरणार? म्हणून कोणत्या महिन्यात पैसा काढायचा हे वर्षभर आधी ठरवावे.

बाकीचे खर्च असे. विद्यापीठाला दर सत्राला एक वर्गणी भरावी लागते. ती जागेप्रमाणे कमी-जास्त असते. वीस हजार रुपये धरून चालावे. विमानाचे जाण्या-येण्याचे साठ-सत्तर हजार. थंडीचे कपडे आणि बूट वीस हजार. व्हिसाचे साडेसात हजार. सगळे मिळून सात लाखांच्या आसपास बेरीज जाते. इथल्या कॉलेजची फी चालू राहते, ती वेगळी. मुलगा जपून राहिला, वसतिगृहात जागा मिळाली आणि हाताने रांधून खाल्ले, तर यातले काही वाचते. खासगी खोली घ्यावी लागली तर वाचत नाही.

काही खर्च आधी कुणी सांगत नाही. आरोग्य विमा सक्तीचा आहे; विद्यार्थ्यांच्या सरकारी विम्याला महिन्याला साधारण १४० ते १५० युरो पडतात. खोलीची अनामत रक्कम द्यावी लागते, ती जाताना परत मिळते, पण खोली जशी घेतली तशी द्यावी लागते. रेडिओ-टीव्हीची सरकारी वर्गणी दर घराला महिन्याला १८.३६ युरो आहे. टीव्ही नसला तरी ती चुकत नाही. चार मुले एका घरात असली तर चौघांत वाटून घेता येते.

पैसा पाठवताना बँकेमार्फतच पाठवावा आणि पावत्या जपून ठेवाव्यात. परदेशी पाठवलेल्या रकमेवर बँक जो कर आधीच कापून घेते, त्याची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षाला दहा लाख रुपये झाली. एका सेमिस्टरचा खर्च या मर्यादेच्या आत बसतो. पण त्याच वर्षी त्याच पॅन नंबरवरून दुसऱ्या कारणासाठी रक्कम बाहेर गेली असेल, तर दोन्हींची बेरीज धरली जाते हे ध्यानात ठेवावे.

व्याजाशिवाय कसे जमवायचे?

आपल्या समाजातली पुष्कळ हुशार मुले याच दगडाला ठेचकाळतात. बँक शैक्षणिक कर्ज देते, पण व्याजाने. सरकारी महामंडळांचे कर्ज कमी दराचे असले तरी व्याज हे व्याजच. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरून देणारी केंद्र सरकारची 'पढो परदेश' योजना अल्पसंख्याकांसाठी होती. ती २०२२-२३ पासून बंद झाली आणि मुळात पदव्युत्तर व त्यापुढच्या शिक्षणासाठी होती. तिच्या नावावर आज कुणी अर्ज भरून घेत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नये.

एका सेमिस्टरची खुबी अशी, की व्याज न देता ते जमू शकते. रक्कम मोठी आहे, पण आवाक्याबाहेरची नाही. तीन मार्ग दिसतात.

पहिला, शिष्यवृत्ती. अदलाबदलीच्या विद्यार्थ्यांसाठी तिकडूनच मदत मिळू शकते. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये तिथल्या प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती आहे. ती तिकडच्या भागीदार विद्यापीठामार्फतच मिळते, बाहेरून अर्ज करता येत नाही. युरोपीय संघाच्या 'इरॅस्मस' कार्यक्रमाची सुरुवात १९८७ मध्ये ११ देशांनी केली. २०१५ पासून त्याची सत्राची मदत युरोपबाहेरच्या भागीदार संस्थांनाही खुली झाली. ज्या दोन विद्यापीठांनी मिळून हा निधी घेतलेला असतो, त्यांच्याच विद्यार्थ्यांना महिन्याचा खर्च आणि प्रवासाची रक्कम मिळते. शिष्यवृत्तीचे पत्र हातात असेल तर तेवढी रक्कम गोठवलेल्या खात्यात दाखवावी लागत नाही. म्हणजे मुद्दल अडकण्याचा प्रश्नही हलका होतो.

दुसरा, कर्जे-हसना. सात लाख एका घराला जड जातात. चुलते, मामा, बिरादरीची जमात यांनी मिळून उचलले तर जड जात नाहीत. मात्र हे तोंडी ठेवू नये. देण्या-घेण्याचा करार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. कुणी किती दिले, मुलगा कमावता झाल्यावर किती महिन्यांत फेडणार, हे कागदावर असले म्हणजे नातीही टिकतात आणि पुढच्या मुलासाठी तोच पैसा पुन्हा फिरतो. काही ठिकाणी जमातीच्या फंडातून शालेय फी आणि पुस्तकांना मदत होते. त्याच फंडात दर वर्षी एका सेमिस्टरची सोय ठेवता येईल का, याचा विचार पदाधिकाऱ्यांनी करावा. जकातीचा पैसा यात वापरता येतो की नाही, हे मुलाच्या घरची हालत पाहून आपल्या उलेमांना विचारावे.

तिसरा, तिकडे राहणारे नातेवाईक. जर्मनीत कायदेशीर वास्तव्य आणि पुरेशी कमाई असलेली व्यक्ती तिथल्या सरकारी कचेरीत जाऊन विद्यार्थ्याच्या खर्चाची लेखी हमी देऊ शकते. ही हमी कायद्याने बांधणारी असते. म्हणून ती मागताना आणि देताना दोघांनीही विचार करावा.

मुलगा तिकडे काम करून खर्च काढील, या भरवशावर मात्र बसू नये. विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि किमान मजुरी जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. आकडा ऐकायला गोड वाटतो. पण सेमिस्टर लहान, भाषा अपुरी, पहिला महिना कागदपत्रांत जातो. काम मिळाले तर ती बरकत समजावी. हिशेबात धरू नये.

धंदा पाहून गाव निवडा

पुष्कळ मुले मोठ्या शहराचे नाव ऐकून विद्यापीठ निवडतात. व्यापाऱ्याने असे करू नये. जर्मनीत, त्यातही बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये, एकेका गावाला एकेक हुन्नर चिकटलेला आहे आणि त्या हुन्नराची शाळा पुढे विद्यापीठ झालेली आहे.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या वाचकांनी रॉयटलिंगनचे नाव लक्षात ठेवावे. स्टुटगार्टच्या दक्षिणेला असलेल्या या गावात १८५५ मध्ये विणकामाची शाळा निघाली. आज तिथल्या विद्यापीठात वस्त्रोद्योगाचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याच आवारात व्यापार शिकवणारा विभागही आहे. म्हणजे लूमवाल्याच्या मुलाला कापड आणि हिशेब दोन्ही एका जागी पाहायला मिळतात.

सोन्या-चांदीच्या आणि इमिटेशनच्या धंद्यातल्यांसाठी फोर्त्सहाइम आहे. १७६७ मध्ये तिथल्या राजाने एका अनाथालयात घड्याळे आणि दागिने घडवण्याचा कारखाना सुरू करू दिला. अनाथ मुलांच्या हाताला काम मिळाले आणि पुढे साऱ्या गावालाच 'सोन्याचे शहर' हे नाव पडले. तिथल्या विद्यापीठात आज दागिन्यांच्या डिझाइनचे शिक्षण मिळते. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातल्या फुर्टवांगेनला १८५० मध्ये घड्याळजींची शाळा निघाली, तीच आज तांत्रिक विद्यापीठ आहे. चामड्याच्या धंद्यातल्यांनी शेजारच्या ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्यातले पिर्मासेन्स पाहावे. जोड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात जोडे आणि चामडे तपासणारी संशोधन संस्था आहे.

पाच महिन्यांत मुलगा विणकर किंवा सोनार होऊन येणार नाही, हे खरेच. मग तो शिकणार काय? तो गिऱ्हाईक शिकतो. आपला माल जिथे जातो तिथले लोक काय पाहून माल घेतात आणि काय पाहून परत करतात, हे शिकतो.

याची किंमत किती असते ते एका उदाहरणावरून कळेल. १९९४ मध्ये जर्मनीने काही अझो रंगांवर बंदी घातली. अंगाला लागणाऱ्या कापडात आणि चामड्यात असे रंग असतील, आणि त्यांतून कर्करोगाशी संबंध असलेली द्रव्ये सुटत असतील, तर तो माल विकता येईनासा झाला. भारतातल्या कापड आणि चामडे निर्यातदारांची मोठी धावपळ झाली. रंग कुठला वापरायचा, तपासणी कुठे करायची, दाखला कुणाचा चालतो, हे माहीत करून घेण्यातच वेळ गेला. भारताने ७० अझो रंगांवर बंदी घातली ती १९९७ मध्ये. पुढे युरोपीय संघाने २००३ पासून हाच नियम सगळ्या सदस्य देशांना लावला. दागिन्यांत निकेल किती असावे याचाही युरोपचा कायदा १९९४ चाच आहे. कापडावर जो 'ओको-टेक्स'चा शिक्का दिसतो, तो १९९२ मध्ये सुरू करणाऱ्या दोन संस्थांपैकी होहेनश्टाइन ही बाडेन-वुर्टेम्बर्गमधलीच आहे.

असे नियम एकदम येत नाहीत. त्यांची चर्चा तिथल्या वर्गांत, प्रयोगशाळांत आणि व्यापारी मेळ्यांत आधीपासून चालू असते. आपल्या घरातले मूल तिथे एक सेमिस्टर बसले असेल तर ती घराच्या कानावर लवकर येते, आणि पुढेही कुणाला विचारायचे ते माहीत असते. कारखानदाराला हा नफा सात लाखांपेक्षा मोठा ठरू शकतो. ज्याचा माल बाहेर जातच नाही आणि जायचाही नाही, त्याने मात्र हा खर्च दहा वेळा विचार करून करावा.

कारागिराला तिथे मान

कारागीर वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. जर्मनीत हुन्नराची शेवटची परीक्षा पास झालेल्याला 'माइस्टर', म्हणजे उस्ताद, म्हणतात. २०१२ मध्ये तिथे शिक्षणाच्या आठ पायऱ्या ठरवल्या गेल्या, तेव्हा माइस्टर आणि पदवीधर या दोघांना एकाच, सहाव्या, पायरीवर बसवले. काही धंदे माइस्टरशिवाय स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत. फरशी बसवण्यासारखी काही कामे २०२० मध्ये पुन्हा त्या यादीत घातली गेली. ज्या घरात बापाच्या हातात हुन्नर आहे आणि मुलाला त्याची लाज वाटते, त्या घरातल्या मुलाने ही व्यवस्था डोळ्यांनी पाहून यावी.

आपल्याकडे याची एक मोठी मिसाल आहे. डॉ. झाकिर हुसेन, जे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले, ते १९२२ ते १९२६ या काळात बर्लिनमध्ये शिकत होते. विषय अर्थशास्त्र. पण त्यांचे लक्ष तिथल्या 'कामाच्या शाळे'कडेही गेले, जिथे मूल हाताने काम करत शिकते. बर्लिनच्या कावियानी छापखान्यातून त्यांनी गालिबचा दीवान छापून घेतला, तेव्हा खिळे जुळवण्याचे कामही त्यांनी हाताने केले. परत येऊन त्यांनी जामिया मिल्लिया सांभाळली. १९३७ मध्ये आपल्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हस्तव्यवसायातून शिक्षणाची योजना आखण्याचे काम ज्या समितीकडे आले, तिचे अध्यक्ष हेच झाकिर हुसेन होते.

त्याआधीची मिसाल मुंबईची. व्यापारी तय्यबअली यांनी आपल्या मुलांना विलायतेला शिकायला पाठवले, ते रेल्वे नुकती सुरू झाल्याच्या जमान्यात. त्यांपैकी बद्रुद्दीन तय्यबजी १८६० मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी गेले, १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले आणि पुढे अंजुमन-ए-इस्लामच्या उभारणीत त्यांनी मोठा वाटा उचलला. दोघांचेही शिक्षण परतल्यावर समाजाच्या कामी आले.

क्रेडिटचा कागद

आता सगळ्यात नाजूक बाब. परदेशातले सेमिस्टर फुकट जाते ते बहुधा पैशामुळे नव्हे, तर क्रेडिटमुळे. मुलगा तिकडे पाच विषय पास होऊन येतो आणि इथला विभाग सांगतो, यातले दोनच आमच्या अभ्यासक्रमात बसतात. बाकीच्यांची परीक्षा पुन्हा द्या. सहा महिने वाचवायला गेलेल्याचे वर्ष जाते.

युरोपात एका सेमिस्टरचा पूर्ण भार ३० क्रेडिटचा असतो आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचा अभ्यास धरतात. त्यात वर्गाचे तास आणि घरचा अभ्यास दोन्ही येतात. आपल्याकडे क्रेडिट मोजण्याची रीत वेगळी आहे, म्हणून आकडा थेट जुळत नाही. गुणांचेही तसेच. जर्मनीत १ हा सर्वांत चांगला शेरा, ४ ला पास आणि ५ म्हणजे नापास. घरच्या माणसांनी गुणपत्रिकेवर १.३ पाहून घाबरू नये.

वेळापत्रकाचीही अडचण आहे. आपले पहिले सत्र जून-जुलैला सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुमारास संपते, दुसरे डिसेंबर-जानेवारीत लागते. तिकडचे हिवाळी सत्र ऑक्टोबर ते फेब्रुवारी चालते, म्हणजे आपल्या दोन्ही सत्रांना कापते. इथल्या कोणत्या परीक्षा चुकणार, त्या कधी घेणार, हजेरीचे काय, याचा जबाब कॉलेजकडून लेखी घ्यावा.

उपाय एकच. निघण्याआधी शिक्षण-करारनामा करून घ्यायचा. त्यात तिकडे कोणते विषय घेणार, त्यांचे क्रेडिट किती आणि ते इथल्या कोणत्या विषयांच्या जागी धरले जाणार हे लिहिलेले असते. खाली विद्यार्थी, इथले कॉलेज आणि तिकडचे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असेल तर विद्यापीठाच्या परीक्षा विभागाची मान्यताही मागून घ्यावी. तिकडे पोहोचल्यावर विषय बदलावा लागला तर बदलाच्या कागदावर पुन्हा सह्या घ्यायच्या. 'सर म्हणाले, होईल' या शब्दावर विमानाचे तिकीट काढू नये. आपण बिल-चलनाशिवाय माल सोडत नाही. इथे तर मुलाचे वर्ष आहे.

राहणे, खाणे, नमाज

आई-वडिलांची मोठी काळजी ही असते. १९६१ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. त्यानंतर आलेल्या तुर्कांच्या आता तिसऱ्या-चौथ्या पिढ्या तिथे आहेत. त्यामुळे बहुतेक मध्यम शहरांत तुर्की किराणा, हलाल मांसाचे दुकान आणि मशीद सापडते. तिथे जनावराला बेशुद्ध न करता जिबह करायला खास परवाना लागतो. त्यामुळे मांस कुठून येते आणि कोणत्या पद्धतीने, हे दुकानदारालाच विचारावे. विद्यापीठाच्या खानावळीत जेवण स्वस्त असते, डुकराच्या मांसाची खूण पाटीवर असते आणि शाकाहारी थाळी रोज मिळते. मिठाई आणि जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असते, ते पाहून घ्यावे. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच भरणा करावा.

नमाजच्या वेळा इथल्यापेक्षा फार वेगळ्या पडतात. डिसेंबरात स्टुटगार्टला साडेचारच्या सुमारास मगरिब होते आणि जोहर, असर, मगरिब चार-साडेचार तासांत येतात. वर्गांचे तास पाहून आधीच बेत करावा. जूनमध्ये मगरिब साडेनऊला आणि इशा अकराच्या पुढे. हिवाळी सत्रात रोजे आले तर दिवस लहान असतात.

नव्या घरी राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कचेरीत नाव नोंदवावे लागते. ते नसेल तर पुढची बरीच कामे अडतात. वसतिगृहासाठी प्रवेशाचे पत्र येताच त्याच दिवशी अर्ज करावा, कारण जागा थोड्या आणि मागणी मोठी.

मुलींना पाठवण्याबाबत प्रत्येक घराचा आपला विचार असतो. पण शिवण, भरतकाम, डिझाइन, हिशेब या कामांत आपल्या मुली पुढे आहेत. वसतिगृहात मुलींसाठी वेगळी खोली मिळते का, गावात ओळखीचे मुस्लिम कुटुंब आहे का, याची चौकशी आधी करून निर्णय घ्यावा. केवळ मुलगी म्हणून फॉर्मच भरायचा नाही, असे करू नये.

वर्षभर आधीची तयारी

ज्याला पुढच्या वर्षी जायचे आहे त्याने आजच सुरुवात करावी. बारा महिने आधी कॉलेजात कराराची चौकशी आणि जर्मन भाषेचा पहिला वर्ग. दहा महिने आधी पासपोर्ट आणि घरात पैशाची बोलणी. आठ महिने आधी कॉलेजकडून नामांकन, शिष्यवृत्तीचा अर्ज, तिघांच्या सह्यांचा करारनामा. प्रवेशपत्र आले की वसतिगृह, गोठवलेले खाते, विमा आणि लगेच व्हिसाची वेळ. तिकीट सर्वांत शेवटी.

मुलाने परत आल्यावर दोन कामे करावीत. घरच्या धंद्यासाठी तिकडे काय पाहिले ते चार पाने लिहून वडिलांना द्यावीत : कोणता माल, कोणता भाव, कोणता दाखला. आणि आपल्या जमातीतल्या पुढच्या मुलाला बसवून सगळे कागद दाखवावेत. पहिल्या मुलाला जे शोधायला वर्ष लागले, ते दुसऱ्याला एका संध्याकाळी मिळते. सात लाखांचा हा खर्च एका घराचा न राहता मोहल्ल्याच्या कामी येतो, तो असाच.